जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देताना रास्त भाव कसा मिळवायचा

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची म्हणजे एकाच टेबलावर दोन व्यवहार होतात. एकात तुम्ही गिऱ्हाईक असता, दुसऱ्यात विक्रेते. बहुतेकांचं सगळं लक्ष नव्या गाडीवर असतं आणि विक्रेत्यासारखं वागायचं राहून जातं. आपल्या मालाचा बाजारभाव माहीत नसतो, माल नीट मांडलेला नसतो, आणि दुसरं गिऱ्हाईक हाताशी नसतं. या तीन गोष्टी जमवल्या, तर घासाघीस करायची हातोटी नसलेल्या माणसालाही रास्त भाव मिळतो. निम्म्याहून जास्त काम शोरूममध्ये पाऊल टाकायच्या आधीच्या आठवड्यात होतं, म्हणून या लेखाचा मोठा भागही त्याच आठवड्याबद्दल आहे.

एका गाडीचे तीन भाव

एकाच गाडीला एकाच दिवशी तीन भाव असतात. डीलर ती गाडी तयार करून, वॉरंटीसकट शेवटच्या गिऱ्हाइकाला विकतो, तो सर्वांत वरचा. मालक स्वतः जाहिरात देऊन थेट दुसऱ्याला विकतो, तो मधला. आणि डीलर किंवा जुन्या गाड्या घेणारी कंपनी मालकाकडून घेते, तो सर्वांत खालचा. एक्स्चेंजचा भाव या तिसऱ्या पायरीवर ठरतो. जाहिरातीतला वरचा आकडा मनात धरून गेलात तर समोरून आलेली प्रत्येक ऑफर लुबाडणूक वाटेल, आणि खरंच कमी असलेली ऑफर ओळखू येणार नाही.

डीलर हिशेब शेवटाकडून सुरू करतो. पुढचे सगळे आकडे एकाच मापात आहेत: नव्या गाडीची छापील किंमत १००० धरली आहे, आपल्या चलनात ते बसवून घ्या. समजा, तुमची जुनी गाडी डीलरच्या आवारातून ४८० ला विकली जाईल. त्यातून टायर, सर्व्हिस आणि पॉलिशचे ३० वजा. जागा, पगार, वॉरंटी आणि नफा यांचे ५० वजा. गाडी महिना-दीड महिना उभी राहील, तेवढ्यात भाव उतरेल, त्याचे १० वजा. उरले ३९०. इथपर्यंत तो येऊ शकतो, पण सुरुवात ३५०-३६० पासून करेल. तुमची बोलणी या ३०-४० च्या फरकात चालणार आहेत. त्यामुळे ४५० मागून अडून बसण्यात वेळच जाईल, आणि ३६० ला हो म्हणणं म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणं.

हा हिशेब तुम्हाला स्वतःला मांडता आला पाहिजे. त्यासाठी वरचा आकडा, म्हणजे विक्रीचा भाव, शोधायचा.

आपल्या गाडीचा भाव काढताना

तेच मॉडेल, तेच व्हेरिएंट, तेच इंधन, तोच गिअरबॉक्स, वर्ष एक इकडे-तिकडे आणि किलोमीटर साधारण १५ टक्क्यांच्या आत. अशा किमान आठ-दहा गाड्यांच्या जाहिराती जमवा. डीलरच्या वेगळ्या आणि मालकांच्या वेगळ्या लिहा. व्हेरिएंटमध्ये चूक फार जण करतात. वरच्या व्हेरिएंटचा भाव आपल्या मधल्या व्हेरिएंटला लावला की पुढचा सगळा हिशेब फसतो. नोंदणीच्या कागदावर व्हेरिएंट पूर्ण लिहिलेलं नसेल तर मूळ बिल काढा.

जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. म्हणून आठवडाभर रोज त्याच जाहिराती पाहा. ज्या चार-पाच दिवसांत नाहीशा होतात त्यांचे भाव बाजाराला पटलेले असण्याची शक्यता जास्त. ज्या महिनोन्महिने लटकलेल्या आहेत किंवा ज्यांचा भाव दोनदा उतरला आहे, त्या बाजूला ठेवा. उरलेल्यांची सरासरी काढू नका, भाव चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. एखादी अवाच्या सवा जाहिरात सरासरी बिघडवते, मधला आकडा तिला दाद देत नाही.

ऑनलाइन मूल्यांकन करताना गाडीची अवस्था विचारतात. ‘उत्कृष्ट’ निवडायचा मोह होतो. वापरातल्या फार थोड्या गाड्या त्या व्याख्येत बसतात. ‘चांगली’ निवडून येणारा आकडा तपासणीनंतर टिकतो, ‘उत्कृष्ट’चा आकडा तपासणी करणारा पहिल्या दहा मिनिटांत खाली आणतो.

वेळही पाहा. ओडोमीटर ५०,००० किंवा १,००,००० ओलांडायच्या बेतात असेल तर आधीच द्या. यंत्राच्या दृष्टीने ९९,००० आणि १,०१,००० यांत काही फरक नाही, पण गिऱ्हाईक शोधताना याच आकड्यांवर चाळणी लावतं. आपल्या मॉडेलची नवी पिढी येणार असेल तर ती येण्याआधी. मोठी सर्व्हिस तोंडावर असेल तर आधी तिचा खर्च विचारा, ती करून मगच गाडी द्यायची की तशीच द्यायची हे पुढे पाहू. महिनाअखेरीला विक्रेत्याला टार्गेट गाठायचं असतं हे खरं, पण ते नव्या गाडीच्या विक्रीचं. त्या दिवसांत नव्या गाडीवर सूट वाढते, जुन्या गाडीचा भाव फारसा हलत नाही.

कर्ज शिल्लक असेल तर

बँकेकडून आजच्या तारखेचं पूर्ण फेडीचं पत्र लेखी घ्या. हप्त्यांच्या तक्त्यातली शिल्लक आणि कर्ज बंद करायला लागणारी रक्कम या दोन्ही सारख्या नसतात. मुदतीआधी फेडीचं शुल्क आणि रोजचं व्याज त्यात मिळतं. पत्रावर ते किती तारखेपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, व्यवहार त्या आत बसवा.

गाडीचा भाव ३९० आणि कर्ज ४३० असेल तर ४० तुमच्या खिशातून जाणार. विक्रेता म्हणेल, “काळजी करू नका, नव्या कर्जात घालून टाकू.” तसं केलं तर विकलेल्या गाडीचे ४० तुम्ही पुढची पाच-सात वर्षं व्याजासकट फेडत राहाल, आणि पुढच्या एक्स्चेंजलाही हाच खड्डा आणखी खोल होऊन समोर येईल. जमत असेल तर फरक रोखीने भरा. जमत नसेल तर गाडी आणखी वर्षभर वापरून कर्ज उतरू देणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं

डीलरचा दुरुस्तीचा दर तुमच्यापेक्षा कमी असतो, कारण त्याचं गॅरेज स्वतःचं असतं. म्हणून तुम्ही केलेला मोठा खर्च भावात क्वचितच पूर्ण वसूल होतो. स्वस्त आणि नजरेत भरणारी कामं मात्र करून घ्यावीत.

आतून-बाहेरून कसून धुलाई, सीट आणि छताच्या कापडाची सफाई, एसीचा केबिन फिल्टर बदलणं. सिगारेटचा किंवा पाळीव प्राण्याचा वास असेल तर त्यावर आधी काम करा, वासाने भाव लगेच पडतो आणि अत्तराची बाटली टांगून तो लपत नाही. पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश करा. गेलेले बल्ब, फाटलेले वायपर, तुटलेली बटणं बदला. रंग न उडालेले लहान डेंट रंगकाम न करता आतून दाबून काढता येतात, ते काढा.

पॅनेलचं स्वस्त रंगकाम मात्र करू नका. मूळ रंगातला ओरखडा म्हणजे फक्त ओरखडा. ताजं रंगकाम म्हणजे “इथे काय लपवलंय?” हा प्रश्न. टायर कायदेशीर मर्यादेच्या वर असतील तर नवे घालू नका. इंजिनाची जागा वाफेच्या किंवा जोराच्या पाण्याने धुऊ नका. चकचकीत इंजिन पाहून तपासणारा तेलगळतीच आठवतो, आणि पाणी कनेक्टरमध्ये गेलं तर नसलेला बिघाड उभा राहतो. कोरड्या कापडाने धूळ पुसली तरी पुरे.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला असेल तर आधी निदान करून घ्या. कधी ती फक्त सैल बसलेली इंधनाची टोपी असते, कधी एखादा सेन्सर. स्कॅनरने दिवा पुसून तसंच शोरूमला जाणं मात्र अंगाशी येतं. दिव्यामागचा बिघाडाचा कोड पुसला की गाडीच्या कंप्युटरच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात करून वेगवेगळ्या वेगांनी काही दिवस गाडी चालवावी लागते. तपासणारा स्कॅनर लावतो तेव्हा त्याला ‘तपासण्या अपूर्ण’ असं दिसतं. मग तो भाव पाडताना वाईटातला वाईट बिघाड धरतो.

सर्व्हिसची सगळी बिलं तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. टायमिंग बेल्ट, क्लच, बॅटरी, टायर यांची बिलं वर ठेवा. बेल्टवाल्या इंजिनात बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल तर डीलर तो बदलायचाच आहे असं धरून पैसे कापतो, बदललेला असला तरी. दुसरी चावी शोधून काढा. आजच्या चाव्यांत चिप असते, नवी चावी गाडीशी जुळवून घ्यावी लागते आणि त्याचा खर्च थेट तुमच्या भावातून जातो. जॅक, स्पेअर चाक, चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या नटाची खास सॉकेट, गाडीचं माहितीपुस्तक हे सगळं गाडीत ठेवा.

तपासणी करणारा काय पाहतो

गाडी देण्याआधी हीच फेरी तुम्ही स्वतः मारा. उजेडात, गाडी कोरडी असताना.

तो आधी लांबून दोन पॅनेलांमधल्या फटी पाहतो. बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांमधली फट एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला रुंद असेल तर पुढून मार बसलेला असू शकतो. मग बॉनेट उघडून बिजागरीच्या बोल्टवर बोट फिरवतो. कारखान्यात रंगवलेल्या बोल्टच्या कडा अखंड असतात, पान्याने फिरवलेल्या बोल्टचा रंग कोपऱ्यांवर उडालेला असतो. त्यानंतर रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक पॅनेलवर चार-पाच जागी टेकवतो. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन असतो. २०० च्या वर गेला की पुन्हा रंगवलेलं, आणि ५०० च्या पुढे बहुधा खाली लांबी (पुट्टी) भरलेली. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही. दाराच्या कडेचं रबर तो बाजूला करून आतले स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे जोड, पाहतो. कारखान्यातले सारख्या अंतरावर गोल उमटलेले असतात, दुरुस्तीतले वेडेवाकडे.

टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे उत्पादनाच्या तारखेचे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वयाचे असणं चालतं, पण एकाच टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनवर संशय जातो. खाचांमधल्या उंचवट्यांशी रबर समपातळीत आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला. ब्रेक पॅड नवे साधारण १०-१२ मिलिमीटर असतात, ३ च्या आसपास बदलायचे.

इंजिन तो थंड असतानाच सुरू करून पाहतो. म्हणून गरम करून नेऊ नका, बॉनेटला हात लावूनच त्याला कळतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा, दाट आणि थांबत नसलेला धूर म्हणजे कूलंट आत जात असेल. थंडीत सुरुवातीला दिसणारी वाफ त्यात धरू नका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण भरलेली, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. विजेच्या गाडीत सर्वांत मोठा प्रश्न बॅटरीच्या तब्येतीचा असतो. मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे याचा अहवाल अधिकृत सर्व्हिस केंद्रातून आधीच काढून न्या, बॅटरीवरची वॉरंटी किती वर्षं किंवा किलोमीटर शिल्लक आहे तेही लिहून ठेवा.

फेरीत दोष सापडले तर त्यांचा अंदाज गॅरेजकडून लेखी घ्या. हा कागद बोलणीत सर्वांत उपयोगी पडतो. तपासणारा म्हणेल, “सस्पेन्शनचं काम आहे, २५ कमी होतील.” तुम्ही अंदाजपत्रक पुढे करून म्हणू शकता, “सुट्या भागांसकट ११ मध्ये होतंय. ११ कमी करा, त्याला माझी ना नाही.” दोष नाकारण्यापेक्षा त्याचा भाव ठरवणं नेहमी सोपं जातं. अपघात, पुराचं पाणी, बदललेलं इंजिन यांपैकी काही झालं असेल तर विचारल्यावर खरं सांगा. विमा आणि सर्व्हिसच्या नोंदींत ते सापडतं, आणि विक्रीनंतर सापडलं तर कायदेशीर दावा तुमच्यावर येऊ शकतो.

दुसरं गिऱ्हाईक हाताशी हवं

एकाच आठवड्यात किमान तीन ठिकाणी गाडी दाखवा: जुन्या गाड्या थेट घेणारी एखादी कंपनी, तुमच्याच ब्रँडचा दुसरा डीलर आणि एक स्वतंत्र डीलर. तुमच्या ब्रँडच्या डीलरला ती गाडी पुन्हा प्रमाणित करून विकता येते, म्हणून त्याला तिची किंमत जास्त असू शकते. दुसऱ्या ब्रँडचा डीलर तीच गाडी घाऊक बाजारात ढकलणार, म्हणून तो हात राखून बोलतो.

ऑफर लेखी घ्या, त्यावर तारीख, किलोमीटर आणि ती किती दिवस चालेल हे असू द्या. अशा ऑफरची मुदत सहसा आठवडाभरच असते. फोनवर किंवा फोटो पाहून सांगितलेला आकडा ऑफर नव्हे, तपासणीनंतरचाच आकडा धरा.

बोलणी

आता हातात चार गोष्टी आहेत: विक्रीचा भाव, शेवटाकडून काढलेला हिशेब, गॅरेजचं अंदाजपत्रक आणि बाहेरची लेखी ऑफर. घरून निघण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा. पहिला मागायचा, दुसरा ज्याच्या खाली उतरायचं नाही तो. दुसरा आकडा म्हणजे बाहेरची सर्वांत चांगली ऑफर, कारण तेवढे तर कुठूनही मिळणारच आहेत.

शोरूममध्ये आधी नव्या गाडीचा भाव ठरवा, सर्व शुल्कांसह, लेखी. तोवर जुन्या गाडीचा विषय काढला तर एवढंच म्हणा, “ते अजून ठरलेलं नाही, आधी ही किती पडेल ते सांगा.” हे खोटं नाही, खरंच ठरलेलं नसतं. “महिन्याला किती हप्ता जमेल?” या प्रश्नाला आकडा देऊ नका. हप्ता सांगितला की कर्जाची वर्षं वाढवून कोणताही भाव त्यात बसवता येतो.

नवी गाडी ठरली की जुनी पुढे करा. समोरचा भाव सांगेपर्यंत थांबा. ३६० म्हणाला तर लगेच प्रतिआकडा देऊ नका, विचारा, “हा कसा आला? विक्रीचा भाव काय धरला, दुरुस्तीचे किती?” हिशेब उलगडून दाखवला तर चूक नेमकी कुठे आहे ते दिसतं. कधी व्हेरिएंट चुकीचं धरलेलं असतं, कधी झालेली सर्व्हिस पुन्हा मोजलेली असते. हिशेब दाखवत नसेल तर बाहेरची ऑफर टेबलावर ठेवा: “मला ३८५ लेखी मिळालेत. तुम्ही ३९५ केलेत तर दोन्ही कामं इथेच उरकतो.” एवढं बोलून गप्प बसा. “वरिष्ठांना विचारून येतो” म्हणून तो उठेल, यायला वेळ लागेल. त्या वेळात स्वतःहून खाली उतरू नका.

एक पाचर मात्र नेहमी तपासा. जुन्या गाडीचा भाव वाढला की नव्याची सूट कमी होते, कधी ‘प्रक्रिया शुल्क’ नावाने एक ओळ वाढते. या खिशातून काढून त्या खिशात. म्हणून प्रत्येक ऑफरचा ताळा एकाच आकड्याने घ्या: चावी हातात घेताना माझ्या खिशातून एकूण किती जाणार?

पहिला डीलर: नवी १०००, सूट १०, जुन्या गाडीचे ४२०. जाणार ५७०.
दुसरा डीलर: नवी १०००, सूट ५०, एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी तिथेच दिल्याबद्दलची जादा सूट) १०, जुन्या गाडीचे ३८५. जाणार ५५५.
जुनी बाहेर विकली: नवी १०००, सूट ५०, बोनस नाही, जुन्या गाडीचे ४००. जाणार ५५०.

जुन्या गाडीला ३५ जास्त देणारा पहिला डीलर प्रत्यक्षात १५ ने महाग पडला. दुसरा आणि तिसरा यांत फरक फक्त ५ चा. एवढ्यासाठी वेगळी विक्री, वेगळे कागद आणि मधले गाडीविना दिवस सोसायचे का, हे तुम्ही ठरवा. आमच्या मते एवढ्या फरकाला एक्स्चेंजच बरं. फरक २० च्या पुढे गेला तर बाहेर विकावी. काही देशांत नव्या गाडीवरचा कर जुनीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. तुमच्याकडे तसं असेल तर ती बचतही एक्स्चेंजच्या बाजूला धरा.

“ही ऑफर फक्त आजच” म्हटलं तरी रात्र मधे जाऊ द्या. आणि नव्या गाडीला दोन महिने वाट पाहावी लागणार असेल तर जुन्याचा भाव आज कसा गोठवणार ते लिहून घ्या: किती किलोमीटरपर्यंत आणि किती तारखेपर्यंत तोच भाव राहील, आणि पुन्हा तपासणी झाली तर कशाबद्दल कापता येईल. ही ओळ नसली की ताबा देण्याच्या दिवशी, नवी गाडी समोर हार घालून उभी असताना, भाव उतरवला जातो, आणि त्या क्षणी फार थोडे लोक नाही म्हणतात. इसार देण्याआधी हीच ओळ पावतीवर यायला हवी.

ताबा देताना

ताबापत्रावर गाडीचा नंबर, चासी क्रमांक, ओडोमीटरचा आकडा, तारीख आणि वेळ मिनिटासह लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या वेळेनंतरचा दंड किंवा अपघात तुमचा नाही, याचा हा पुरावा. मालकी नावावरून उतरल्याची नोंद होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. डीलरने गाडी पुढे विकेपर्यंत कागद तसेच ठेवले तर दंडाच्या नोटिसा तुमच्याच पत्त्यावर येत राहतात. कर्ज डीलर फेडणार असेल तर बँकेकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र येईपर्यंत हप्ता खात्यात शिल्लक ठेवा. विमा मालकी बदलल्यावरच बंद किंवा वर्ग करा, आणि दावा न केल्याची सवलत मिळत असेल तर तिचं पत्र मागून घ्या.

शेवटी गाडीत बसून फोनची जोडणी, संपर्कयादी, नकाशातला घरचा पत्ता पुसा आणि यंत्रणा मूळ स्थितीवर आणा. मोबाइल अ‍ॅपवरून गाडी दुरून उघडता येत असेल तर खात्यातून ती काढून टाका. काचेवरचा टोलचा टॅग बंद करा, डॅशकॅमचं मेमरी कार्ड काढा, सीटखाली आणि स्पेअर चाकाच्या खळग्यात हात घालून पाहा. मग चारही बाजूंचे आणि ओडोमीटरचे फोटो काढून दोन्ही चाव्या द्या.